दप्तराची दुसरी प्रत

संस्थेचे संगणकीय दप्तर स्वतःच्या इमारतीत ठेवावे की दूरस्थ कंपनीच्या क्लाउडच्या हवाली करावे, हा वाद आज सहकारी बँकांपासून रुग्णालयांपर्यंत सर्वत्र चालू असला, तरी माझ्या मते खरा प्रश्न जागेचा नाहीच.

दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी, सरकारी डेटा केंद्रातील लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली आणि ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यांतही, सरकारी नोकरांची टिपणे, मसुदे, अहवाल ज्यात साठविले जात, ते ‘जी-ड्राइव्ह’ नामक ८५८ टेराबाइटचे भांडार, बाहेर कोठेही त्याची नक्कल नसल्यामुळे, नष्ट झाले. इमारत सरकारची, पहारा सरकारचा. उणीव होती ती दुसऱ्या प्रतीची.

मग क्लाउड निर्धास्त म्हणावा, तर ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीचा गुगलकडील खासगी क्लाउड मे २०२४ मध्ये मांडणीतील एका चुकीपायी पुसला गेला, आणि दोन विभागांत ठेवलेली त्याची जुळी व्यवस्थाही त्याबरोबर गेली. यंत्र बिघडले तर जुळी प्रत तारते. आज्ञाच चुकली तर ती चूक जुळ्या प्रतीतही निमूट उतरते, हे भेदाचे मर्म फार थोड्यांच्या ध्यानी येते. युनिसुपर सावरला तो स्वतंत्र बॅकअप ठेवण्याची तजवीज केली होती म्हणून.

तेव्हा संचालकांनी येत्या सभेत एवढेच विचारावे: आपल्या दप्तराची दुसरी प्रत कोणत्या गावी, कोणाच्या ताब्यात आहे, आणि ती उघडून शेवटची केव्हा पाहिली?