प्रबंध कपाटात, प्रश्न रुग्णालयात

गरिबांच्या आजारांची चर्चा निघाली की हिवताप, क्षय आणि कुपोषण यांची नावे पुढे येतात. शस्त्रक्रिया ही जणू सुखवस्तूंची गरज मानली जाते. हा समज किती भ्रामक आहे, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली दाखवून दिले. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना वेळेवर मिळत नाही. जेथे जगाची एक तृतीयांशाहून अधिक वस्ती आहे, त्या सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला एकूण शस्त्रक्रियांपैकी अवघ्या सहा टक्के येतात. ही विषमता का आहे आणि ती कशी मिटेल, याचा शोध घेणारी ‘जागतिक शल्यसेवा’ नावाची अभ्यासशाखा आता रुजू लागली आहे. तिचे संशोधक कोठे घडणार, हा प्रश्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या शाखेचा एक उत्तम धडा धुळे जिल्ह्यात गिरविला गेला. दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महाग जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरले आणि अन्य शल्यचिकित्सकांच्या साथीने केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पुढे स्वीडन व युगांडातील संशोधकांनी युगांडात ३०२ रुग्णांवर अशा स्वस्त जाळीची काटेकोर चाचणी घेतली. वर्षभराच्या पाठपुराव्यानंतर ती महाग जाळीच्या तोडीची ठरल्याचा निर्वाळा २०१६ साली मिळाला. कल्पना खानदेशातील; तिची सर्वांत गाजलेली कसोटी मात्र आफ्रिकेत लागली. आपल्याकडे बुद्धीची वाण नाही; कल्पनेला पुराव्याचे बळ देणाऱ्या शिक्षणाची आहे.

तसे पाहिले तर शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे आणि २०१९पासून संशोधनपद्धतीचा प्राथमिक अभ्यासक्रमही. परंतु सक्तीने संशोधनवृत्ती निर्माण होत नसते. तीन वर्षांच्या निवासी काळात शस्त्रक्रियागृह, वॉर्ड आणि अपघात विभाग यांतून उसंत न मिळणारा तरुण डॉक्टर आकडे जेमतेम गोळा करतो, आणि सुबक बांधणीचा प्रबंध परीक्षेनंतर कपाटात धूळ खात पडतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत निवासी डॉक्टरला मध्येच एक-दोन वर्षे केवळ संशोधनासाठी मोकळे ठेवतात. तेवढी चैन आपल्याला परवडणार नाही, हे खरे. जेथे शस्त्रक्रियेसाठी रांगा लागतात, तेथे हातातील सुरी खाली ठेवून कागद का काळे करावेत, हा आक्षेपही अगदीच पोकळ नाही. तथापि, रांग नेमकी कोठे आणि कशामुळे अडते हे ठाऊक नसेल, तर कितीही हात वाढविले तरी ती हटणार नाही.

यासाठी नवी संस्था उभारण्याची आवश्यकता नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करावे लागते. प्रबंधाचा विषय तेथूनच का निवडू नये? उघड्या अस्थिभंगाचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येण्यास किती तास लागले, भूलतज्ज्ञाअभावी किती सिझेरियन अन्यत्र पाठवावी लागली, उपचारापायी किती कुटुंबे कर्जात बुडाली, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्याला आठवड्यातील ठराविक वेळ, संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य आणि स्वतः संशोधन केलेला मार्गदर्शक मिळाला पाहिजे. पुढे ज्याला याच वाटेने जावयाचे असेल, त्याच्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांत पदेही हवीत. अन्यथा आपले डॉक्टर परदेशी विद्यापीठांसाठी आकडे जमविणारे कारकूनच राहतील.

मच्छरदाणीच्या कापडाकडे शल्यचिकित्सकाच्या नजरेने पाहणारा माणूस लहान गावीही असू शकतो, हे सिद्ध झाले आहे. अशा नजरेला शिस्त आणि सवड देणे हे विद्यापीठांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.