बाल्टिमोरचं जहाज, बालासोरची ट्रेन आणि एक वायर: अपघातानंतर आपण चुकीचा प्रश्न का विचारतो?

सुमारे ३०० मीटर लांबीचं, कंटेनरनी भरलेलं जहाज एका वायरमुळे अख्खा पूल पाडू शकतं का? अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्डाने, म्हणजे एनटीएसबीने, दीड वर्षाहून अधिक काळ तपास करून नोव्हेंबर २०२५ मध्ये याचं उत्तर दिलं: हो, शकतं. ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे ती दोन दिवसही टिकली नाही. खरं तर ती सर्वात जास्त आपल्याकडेच वाचली जायला हवी होती. कारण त्या जहाजावरचे जवळपास सगळे कर्मचारी भारतीय होते. शिवाय वायरिंगमधल्या चुकीमुळे झालेला एक भीषण अपघात आपण नुकताच पाहिलाय, फक्त समुद्रात नाही, रुळांवर.

बाल्टिमोरमध्ये नेमकं काय झालं?

२६ मार्च २०२४. मध्यरात्र उलटून दीड वाजत आला होता. 'डाली' हे मालवाहू जहाज बाल्टिमोर बंदरातून श्रीलंकेकडे निघालं होतं. फ्रान्सिस स्कॉट की पुलाजवळ येताना जहाजावरची वीज गेली, परत आली, पुन्हा गेली. इंजिन बंद पडलं. एवढ्या मोठ्या जहाजाला गाडीसारखा ब्रेक नसतो. ते वाहत जाऊन पुलाच्या खांबाला धडकलं आणि काही सेकंदांत पूल कोसळला. पुलावर रस्तादुरुस्ती करणाऱ्या ६ कामगारांचा मृत्यू झाला. जहाजावरच्या पायलटने 'मेडे' संदेश दिल्यामुळे पोलिसांनी पुलावरची वाहतूक वेळेत थांबवली, नाहीतर हा आकडा कितीतरी मोठा असता.

मग वीज का गेली? जहाजावर कित्येक किलोमीटर वायरिंग असतं. त्यातल्या एका सिग्नल वायरवर ओळखीसाठी लावलेलं लेबल नीट बसवलं नव्हतं. त्या लेबलमुळे वायरचं टोक टर्मिनल ब्लॉकच्या स्प्रिंगमध्ये पूर्ण आत गेलंच नाही. ते नुसतं टेकून राहिलं. एक दिवस संपर्क तुटला, ब्रेकर उघडला आणि जहाज अंधारात गेलं.

पण एनटीएसबी तिथे थांबली नाही. दुसऱ्यांदा वीज का गेली, हेही शोधलं. जनरेटरला इंधन पुरवायला जो पंप वापरला जात होता, तो मुळात त्या कामाचा नव्हता आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नव्हता. त्याहीपुढे जाऊन एनटीएसबीने पुलाकडे पाहिलं. १९७७ साली खुला झालेला हा पूल आजच्या अवाढव्य जहाजांची धडक सोसू शकेल का, याचा अभ्यास पुलाच्या मालकांनी केलाच नव्हता. म्हणजे वायर फक्त सुरुवात होती. तिच्यामागे पंप होता, पंपामागे तपासणीची पद्धत आणि सगळ्यात शेवटी पूल.

लंडन, १९८८: तीच वायर, वेगळी गाडी

रेल्वेच्या इतिहासात याची जुळी गोष्ट आहे. १२ डिसेंबर १९८८ ला सकाळी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ एका लोकलवर मागून दुसरी गाडी आदळली. ३५ जण गेले, शेकडो जखमी झाले. पुढे गाडी उभी असताना मागच्या गाडीला लाल सिग्नल मिळालाच नाही.

कारण? सिग्नलचं नवं वायरिंग करताना एक जुनी वायर पूर्ण काढली गेली नव्हती. तिचं टोक उघडं राहिलं होतं. नंतरच्या कामात ती हलली, टर्मिनलला चिकटली आणि सिग्नलला चुकीचा विद्युतप्रवाह मिळू लागला.

त्या तंत्रज्ञाला दोषी ठरवून फाइल बंद करता आली असती. न्यायालयीन चौकशीने ते केलं नाही. तो माणूस १३ आठवड्यांत फक्त एक दिवस सुट्टीवर होता, हे चौकशीत समोर आलं. त्याच्या कामाची दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासणी केली नव्हती. तो अनेक वर्षं त्याच चुकीच्या सवयीने काम करत होता आणि त्याला कोणी टोकलं नव्हतं. अहवालात ९३ शिफारशी होत्या. वायरिंगच्या तपासणीपासून कामाच्या तासांच्या मर्यादेपर्यंत सगळं त्यात होतं.

बालासोर: वायरिंग आपल्याकडेही

२ जून २०२३. ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण रुळांचा सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी पूर्ण वेगात लूप लाइनवर गेली आणि तिथे उभ्या मालगाडीवर आदळली. रुळावरून घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू-हावडा गाडीच्या मागच्या डब्यांवर आदळले. २९० हून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला.

सिग्नल आणि सांधा यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा चुकीचा असेल तर सिग्नल हिरवा होऊच नये, हे तिचं काम. मग इथे असं का झालं? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोन गोष्टी समोर आल्या. एक, स्टेशनजवळच्या सिग्नल केबिनमधल्या सर्किटमध्ये पूर्वी केलेला बदल सदोष होता. दोन, ९४ क्रमांकाच्या फाटकावर नवा बॅरियर बसवताना वायरिंग चुकलं. तिथल्या बॉक्समध्ये वायरच्या लेबलांमध्येच गोंधळ होता आणि तो अनेक वर्षं कोणाच्या लक्षात आला नव्हता, असंही त्या अहवालाच्या बातम्यांतून बाहेर आलं.

सर्वात अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. त्याआधी वर्षभरच, मे २०२२ मध्ये, त्याच खरगपूर विभागात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा कोणी दगावलं नाही, म्हणून त्याची बातमी झाली नाही. तेव्हाच धडा घेतला असता तर बालासोर टळलं असतं, असं चौकशीत नमूद आहे.

जहाजावरचा रेल्वेवेडा काय म्हणतो?

माझा कॉलेजचा एक मित्र कंटेनर जहाजांवर ईटीओ, म्हणजे विद्युत अधिकारी आहे. घर चिपळूणला, कोकण रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. सुट्टीत घरी आला की हा माणूस मालवाहू ट्रक लादलेली रो-रो गाडी बघायला स्टेशनवर जाऊन बसतो. इंजिनांचे नंबर त्याला पाठ. 'डाली'चा अहवाल आला तेव्हा मी त्याला विचारलं, 'अरे, लेबलमुळे असं खरंच होतं?'

त्याचं म्हणणं सरळ होतं. पॅनलमध्ये वायर बसवली की ती एकदा हलकेच ओढून बघायची, हे पहिल्या जहाजावर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. वायर हातात आली तर ती बसलीच नव्हती. पण जहाज बंदरात जेमतेम काही तास थांबतं. त्यात तपासणीवाले येतात, कागद भरायचे असतात, सुटे भाग चढवायचे असतात. नियमाप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. ती कागदावर नेहमी पूर्ण असते, असं तो हसून सांगतो.

रेल्वेबद्दल त्याचं मत आणखी ठाम आहे. त्याच्या मते जहाज आणि ट्रेन यांच्यात एक मोठं साम्य आहे: दोन्हींना थांबायला खूप अंतर लागतं. त्यामुळे चालवणाऱ्याला धोका दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. खरा अपघात त्याआधी, कुठल्यातरी बंद पॅनलमध्ये, कोणीतरी घाईत केलेल्या कामात घडून गेलेला असतो. आणि आपण मात्र पकडतो तो शेवटच्या माणसाला.

मला हे पटतं. इंजिनीअरिंगला आम्हाला फेल-सेफ शिकवलं, म्हणजे बिघाड झालाच तर यंत्रणा सुरक्षित बाजूला झुकली पाहिजे. माणसांच्या यंत्रणेलाही हाच नियम लागू व्हायला हवा. चूक सांगणारा सुरक्षित नसेल, तर चूक लपवली जाणार.

पहिल्या तासात आपण काय करतो?

डिजिटल डेस्कवर काम करताना हे रोज दिसतं. बालासोरच्या रात्रीच सोशल मीडियावर घातपाताच्या थिअरी फिरू लागल्या. अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्या पोस्ट इतक्या पसरल्या की ओडिशा पोलिसांना इशारा द्यावा लागला. 'डाली'च्या वेळी अमेरिकेत भारतीय कर्मचाऱ्यांची खिल्ली उडवणारं वर्णद्वेषी व्यंगचित्र व्हायरल झालं. ते कर्मचारी त्या वेळी जहाजावरच होते आणि त्यातल्या अनेकांना पुढे काही महिने घरी जाता आलं नाही.

भारतीय खलाशांना हा अनुभव नवा नाही. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या 'हेबेई स्पिरिट' या तेलवाहू जहाजावर एक क्रेन बार्ज येऊन आदळला. तेलगळती प्रचंड होती. उभ्या जहाजाचे भारतीय कॅप्टन आणि चीफ ऑफिसर सुमारे दीड वर्ष त्या देशात अडकून पडले, काही काळ तुरुंगातही होते.

आणि आपल्या मुंबईत? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. नोव्हेंबरमध्ये रेल्वे पोलिसांनी दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याविरोधात ६ नोव्हेंबरला कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलं, ऐन गर्दीच्या वेळी सीएसएमटीहून लोकल थांबल्या आणि हाल पुन्हा प्रवाशांचेच झाले. अभियंते दोषी आहेत की नाहीत, ते न्यायालय ठरवेल. पण लोकलच्या दारात माणसं का लटकतात, हा प्रश्न त्या गोंधळात पुन्हा मागे पडला.

मग कोणालाच शिक्षा नको का?

हा आक्षेप रास्त आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला 'यंत्रणेची चूक' हे उत्तर पळवाट वाटणारच. जाणूनबुजून नियम मोडणारा, खोट्या नोंदी करणारा, धोका माहीत असून गप्प बसणारा, यांना शिक्षा झालीच पाहिजे. मुद्दा इतकाच आहे की शिक्षेचा तपास आणि कारणांचा तपास वेगळे हवेत. समुद्री अपघातांच्या चौकशीसाठी २०१० पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय संहिताही हेच सांगते: चौकशी दोष ठरवण्यासाठी नाही, पुन्हा तसं घडू नये यासाठी.

आपल्याकडे याची सोय अगदीच नाही असं नाही. रेल्वेच्या अपघातांची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, तो याच स्वातंत्र्यासाठी. पण या व्यवस्थेत तीन गोष्टी तातडीने बदलायला हव्यात:

- अहवाल सर्वांसाठी खुले हवेत. 'डाली'चा तपास जगातला कोणीही फोनवर वाचू शकतो. बालासोरचा अहवाल मात्र बातम्यांतून आणि संसदेतल्या उत्तरातून तुकड्यातुकड्याने कळला.
- थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद आणि चर्चा हवी. ती देणाऱ्या कर्मचाऱ्याला नोटीस नाही, संरक्षण मिळायला हवं. मे २०२२ ची घटना याचं सर्वात मोठं उदाहरण आहे.
- कामाचे तास हा सुरक्षेचा विषय माना. लोको पायलट, सिग्नल देखभाल करणारे, ट्रॅकमेन यांच्या विश्रांतीचा वाद कामगार संघटनांवर सोडून चालणार नाही. प्रत्येक चौकशीत तो तपासला गेला पाहिजे.

याचा तुमच्याशी संबंध काय?

तुम्ही रोज लोकलने जात असाल, किंवा घरचं कोणी बोटीवर असेल, तर संबंध थेट आहे. नसेल, तरी आपल्या इमारतीच्या मीटर रूममध्ये एकदा डोकावून बघा. आमच्या सोसायटीत निम्म्या ब्रेकरवर लेबल नाही आणि उरलेल्यांवरचं बरोबर आहे की नाही, हे एकट्या जुन्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक. एखाद्या रात्री आग लागली तर कुठला ब्रेकर पाडायचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. येत्या रविवारी अर्धा तास काढून ती लेबलं तपासून घ्या.

आणि पुढचा अपघात होईल तेव्हा फॉरवर्ड आलेला 'खरा गुन्हेगार सापडला' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी थांबा. एनटीएसबीला त्या एका वायरवर शिक्कामोर्तब करायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. आपल्याला ती पहिल्या तासात सापडणार नाही.