तीन इंच वर

माणसाने वर जावे याला माझा विरोध नाही. बँकेत एकोणीस वर्षे एकाच काउंटरवर बसलेल्या माणसाला तसा विरोध परवडतही नाही. परंतु गाडीने वर जावे, आणि तेही स्प्रिंगवर ठोकळे घालून, याला माझा सक्त विरोध आहे आणि तो मी आज लेखी नोंदवत आहे. तोंडी नोंदवून झाला. त्यावर माझ्या भाच्याने, "मामा, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," असा शेरा मारून माझा अर्ज निकाली काढला.

भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा. गेवराई तालुक्यात गोदाकाठी त्यांची जमीन. जमिनीला जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी, पाण्यामुळे ऊस आणि उसामुळे थार. गाडीच्या कर्जाला जामीनदार मी. जामीनदार म्हणजे गाडीत बसण्याआधीच गाडीखाली आलेला माणूस. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला कायदेशीर अधिकार आहे, असे मी समजतो.

गाडी घेतल्यावर सहा महिन्यांनी भाचा एक कागद घेऊन आला. एका गॅरेजवाल्याने दिलेले अंदाजपत्रक होते ते. सस्पेन्शन लिफ्ट तीन इंच, टायर तेहतीस इंची, शिवाय किरकोळ. एकूण दोन लाख चाळीस हजार. मी बी.कॉम. आहे, तेही दुसऱ्या वर्गात; कागदावर बेरीज दिसली की ती तपासल्याशिवाय मला चहा जात नाही. बेरीज बरोबर होती. बाकी सगळे चूक होते.

"कशासाठी रे हे?" मी विचारले.

"क्लिअरन्स वाढतो, मामा. खाली काही लागत नाही."

"आत्ता काय लागतं?"

"लागत काहीच नाही. पण लागलं तर?"

'लागलं तर' या दोन शब्दांवर विमा कंपन्या चालतात हे मला ठाऊक होते. गॅरेजेही चालतात हे त्या दिवशी कळले.

मग मी हिशेबाला बसलो. थारच्या टायरवर २५५/६५ आर १८ असे लिहिलेले होते. भाच्याला वाटत होते हा कंपनीचा काही गुप्त क्रमांक असावा. तसे काही नाही. टायर २५५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि आतली रिम १८ इंचांची. रिमच्या वरची बाजू आणि खालची बाजू धरून टायरची एकूण उंची ७८९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एकतीस इंच. आता तेहतीस इंची टायर घातला तर उंची दोन इंचांनी वाढली. पण टायर जमिनीवर टेकलेला असतो, चाकाचा आस असतो मधोमध. म्हणजे आस वर गेला फक्त एक इंच.

खरी मेख पुढेच आहे. या गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा सलग धुरा असतो आणि त्याच्या पोटाशी डिफरन्शियलचा गोळा असतो. दगड लागला तर पहिल्यांदा त्यालाच लागतो. ठोकळे घातल्याने काय होते? तर धुऱ्याच्या वरची गाडी तीन इंच वर जाते. धुरा आहे तिथेच राहतो, गोळा आहे तिथेच लोंबतो. म्हणजे गाडी वर गेली चार इंच आणि गोळा वर गेला एक इंच, तोही टायरच्या कृपेने. खर्ची चार, जमा एक. असा ताळेबंद घेऊन कोणी आमच्या बँकेत आला असता तर साहेबांनी त्याला पाणीसुद्धा विचारले नसते.

"आणि हे बघ," मी म्हणालो, "टायर सहा टक्क्यांवर वाढला. म्हणजे काटा ऐंशी दाखवील तेव्हा तू पंच्याऐंशीनं पळत असशील."

"फायदाच की मामा!"

"आणि दहा हजार किलोमीटर दिसतील तेव्हा गाडी साडेदहा हजारांच्या वर पळालेली असेल. सर्व्हिसिंग लांबेल. टायर जड, म्हणून ब्रेक उशिरा लागेल, डिझेल जास्त जाईल, गिअर ओढायचा नाही."

भाच्याने माझ्याकडे, शाखा तपासणीला आलेल्या माणसाकडे आपण पाहतो तसे पाहिले. आठ दिवसांनी गाडी वर गेलेली होती.

आता थोडा इतिहास. जीप या वस्तूला आपल्याकडे पंचाहत्तर वर्षे उलटून गेली. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने कंपनी निघाली. त्यातले मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इकडे महिंद्र अँड महिंद्र असे नाव झाले. १९४७ पासून या कंपनीने विलिस जीपची जुळणी आपल्याकडे सुरू केली. ही विलिस दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळूत, इटलीच्या चिखलात आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात चालली. तिचा टायर किती रुंद होता? सहा इंच. खालची मोकळी जागा किती? पावणेनऊ इंच. २०२० साली आलेल्या नव्या थारची मोकळी जागा २२६ मिलिमीटर आहे, म्हणजे त्याहून किंचित जास्तच. सबंध महायुद्ध जेवढ्या उंचीवर लढले गेले, तेवढ्या उंचीवरून आमच्या भाच्याला बीडच्या बसस्टँडपासून गेवराईच्या मोंढ्यापर्यंत जाता येत नव्हते!

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचे कलम ५२. कंपनीने जशी गाडी मंजूर करून घेतली तिच्यात मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षाही आली : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द वाचून माझ्यातला कारकून जागा झाला. चार टायर हा एक बदल की चार? यावर मी भाच्याशी मनमोकळी चर्चा करू पाहिली. तो म्हणाला, "मामा, एमएच तेवीसची गाडी कोण अडवतंय?" आणि विमा कंपनीला न कळवता गाडी बदलली तर अपघातानंतर ती हे कारण पुढे करून हात वर करू शकते, हे मी सांगेपर्यंत तो जिना उतरला होता.

पुढचे श्रावणात घडले. गाडीची परीक्षा घ्यायला भाचा मला रानात घेऊन गेला. गोदाकाठचे काळे रान ज्याने पावसात पाहिले आहे त्याला सांगायला नको. ती माती नसते, कर्ज असते. एकदा चिकटली की सुटत नाही. पन्नास पावलांत रुंद टायरच्या सगळ्या खाचा भरल्या, टायर गुळगुळीत झाले, आणि गाडी चार इंच वरून सावकाश खाली बसली. मागचा तो गोळा चिखलावर टेकला. शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवाला आला. त्याने दोर लावून गाडी ओढली. पैसे घेतले नाहीत. व्हिडिओ मात्र काढला.

इथपर्यंत मी हसत होतो. हसण्यासारखेच होते. पुढचे दोन प्रसंग मात्र तसे नाहीत, आणि त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

पहिला उसाच्या हंगामातला. रात्री आठ-साडेआठ झाले असतील. समोरून कारखान्याकडे बैलगाड्यांची रांग चालली होती. आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन बाहेर पडतात, असे म्हणायची पद्धत आहे; ऊसतोड म्हणजे काय हे इथे पोरासोरांना कळते. आमच्या गाडीचा उजेड पडला तसा पहिल्या गाडीचा बैल बिचकला, जू वाकडे झाले, गाडी उलाळ व्हायची ती थोडक्यात धुरीवर आली. वर मोळ्यांवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. गाडीवानाने कोपराने डोळे झाकले आणि एवढेच म्हणाला, "मालक, उजेड खाली करा की. बैलाला डोळे हायेत."

भाचा गोरामोरा झाला. "मामा, आई शप्पथ, डिपरच दिलेला होता."

दिलेलाच होता. मी पाहिले होते. पण गॅरेजवाल्याने रुबाब म्हणून पुढची बाजू अर्धा इंच जास्तच उचललेली, आणि दिवे पुन्हा खाली वळवलेच नव्हते. खालचा उजेडच वरचा झाला होता. आपण वर गेलो की आपला डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे मला त्या रात्री कळले.

दुसरा प्रसंग घरातला. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हाच माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून जुने, म्हणाली होती, "अरे, गाडी आहे का माळवद? माळवदाला तरी शिडी असते." आम्ही हसलो होतो. गेल्या माघात रात्री अकराला तिला दम लागला. भाचा नेमका आमच्याकडेच मुक्कामाला होता. दारात पावणेदोन टनी गाडी उभी, इंजिन सुरू, आणि आईचा पाय काही त्या पायदानापर्यंत पोचेना. मी एका बाजूने, भाचा दुसऱ्या बाजूने. स्टूल आणले, ते डगमगले. ती धापा टाकत म्हणाली, "राहू दे रे बाबांनो." शेवटी समोरच्या घरातला रिक्षावाला लुंगीवर धावत आला. रिक्षाचे पायदान वीतभर. आई बसली. आम्ही मागून गाडीत. अर्ध्या रस्त्यात रिक्षावाल्याने हात बाहेर काढून आम्हाला लांब राहायला सांगितले. आमच्या दिव्यांनी त्याला आरशात काही दिसत नव्हते.

चार दिवसांनी आई घरी आली. बरी आहे.

आता कोणी म्हणेल, खड्डे आहेत म्हणून लोक गाड्या उचलतात. अगदी बरोबर! माझे भांडण तिथेच आहे. आमच्या बँकेसमोर एक खड्डा आहे. कोणत्या खात्याचा हे मी सांगत नाही, कारण तीन खाती तो आपला नाही म्हणतात. गाडी घेताना आपण रस्त्याचा एकरकमी कर भरतो आणि त्याच रस्त्यापासून वाचायला पुन्हा अडीच लाख भरतो. एकाच देण्याची दोनदा वसुली झाली तर आमच्याकडे खातेदार काचेवर बुक्की मारतो. इथे मात्र तो हसत पैसे मोजतो आणि वर जातो. जे ओरडले असते ते सगळे तीन इंच वर गेले, आणि खड्ड्यापाशी उरले सायकलवाले, बैलगाडीवाले आणि माझी आई.

ज्याला खरी गरज आहे त्याच्याविषयी मी बोलत नाही. बालाघाटावरच्या वाड्यावस्त्यांवर वीस-वीस माणसे वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांनी कमानीत एखादा पाटा वाढवला तो पोटासाठी. बाकीच्यांना माझा कारकुनी सल्ला असा : आधी आपण कुठे जातो ते खरे खरे लिहून काढा. चिखला-मुरमाचा रस्ता असेल तर कंपनीने मान्य केलेल्याच मापाचे, जाड नक्षीचे टायर घ्या. वाळूत-चिखलात हवा थोडी कमी करा आणि डांबरीवर आल्यावर पुन्हा भरा. त्याला पाच रुपये लागतात. आणि काहीही केलेत तरी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे कुठे पडतात ते पाहा.

भाच्याने दिवे खाली वळवून घेतले आहेत. ठोकळे अजून काढलेले नाहीत. ते काढायचेही पैसे पडतात म्हणे. पण परवा आला तेव्हा मागच्या दारातून त्याने एक लाकडी पाट काढला, आईसमोर ठेवला आणि तिचा हात धरला. आई पाटावर चढली, तिथून गाडीत बसली, आणि खिडकीतून खाली माझ्याकडे पाहून म्हणाली,

"जेवायला मांडायचा पाट आता गाडीला लागायला लागला. एवढा खर्च करून शेवटी पाटच आणलास ना रे?"

या पाटाचा खर्च मात्र अंदाजपत्रकात नव्हता.