कुलूप कंपनीचे, पहारा सरकारचा

१६ जुलै २००१. लास वेगासमधली हॅकर परिषद आटोपून मॉस्कोला परत निघालेल्या दिमित्री स्क्ल्यारॉव्ह या रशियन प्रोग्रामरला एफबीआयने अटक केली. एल्कमसॉफ्ट या आपल्या कंपनीसाठी त्याने मॉस्कोत एक प्रोग्राम लिहिला होता. त्या प्रोग्रामने अडोबीच्या ई-पुस्तकाचे कुलूप निघे; मग विकत घेतलेल्या पुस्तकाची जादा प्रत काढून ठेवता येई, अंध वाचकाला ते संगणकाकडून वाचून घेता येई. रशियात हा गुन्हा नव्हता. अमेरिकेत मात्र १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याचे कलम १२०१ होते. आठवड्याभरात खुद्द अडोबीनेच त्याला सोडून द्यावे असे जाहीर केले. सरकारने ऐकले नाही. तीन आठवडे तो कोठडीत राहिला आणि जामीन मिळूनही मायदेशी जायला डिसेंबर उजाडला. पुढच्या डिसेंबरात ज्यूरीने एल्कमसॉफ्टला निर्दोष ठरवले.

तक्रारदार माघार घेतो आणि खटला तरीही चालतो, तेव्हा कायदा नेमके कोणाचे रक्षण करत असतो?

या कलमाचे समर्थक म्हणतात, सॉफ्टवेअर ही मालमत्ता आहे. शेताला कुंपण चालते, तर प्रोग्रामला कुलूप का नको? कुलूप जरूर घालावे, त्याला कोणाचीच हरकत नाही. बेकायदा प्रती काढणाऱ्याला शिक्षा करायला कॉपीराइट कायदा आधीपासून होताच. कलम १२०१ ने त्यापुढे जाऊन कुलूप उघडणे आणि उघडण्याचे साधन दुसऱ्याला देणे हेच स्वतंत्र गुन्हे केले. याचा फटका बसला तो खऱ्याखुऱ्या मालकाला. जॉन डिअर कंपनीने २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला कळवले की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातले सॉफ्टवेअर ट्रॅक्टर चालेल तोवर वापरण्याचा केवळ परवाना मिळतो. म्हणजे लोखंड शेतकऱ्याचे, पण ऐन पेरणीत इंजिन का अडले हे पाहायचे तर डीलरच्या लॅपटॉपची वाट बघायची. मालमत्तेच्या हक्काची याहून उघड पायमल्ली कोणती?

त्याच वर्षी ट्रॅक्टर दुरुस्तीला या कलमातून सूट मिळाली, पण तीन वर्षांपुरती, आणि तीही फक्त कुलूप उघडण्यापुरती. उघडायचे साधन शेजाऱ्याला विकणे गुन्हाच राहिले. स्वतःच्या वस्तूला हात लावण्यासाठी नागरिकाने दर तीन वर्षांनी अर्ज करायचा, ही रीत स्वतंत्र देशाला शोभत नाही.

कायद्याची पकड सैल करण्यावरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटातूनच येतो. स्वीडनच्या पायरेट पार्टीने कॉपीराइटची मुदत पाच वर्षांवर आणण्याची मागणी केली, तेव्हा २००९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तिच्यातला धोका दाखवला. मुक्त कोड घेऊन वाटणाऱ्याने आपला सोर्स कोडही उघडा ठेवावा, अशी अट घालणारा जीपीएल परवाना कॉपीराइटच्याच बळावर उभा आहे. मुदत संपली की मुक्त कोड कंपन्या खुशाल आपल्या बंद प्रोग्राममध्ये घेतील. त्यांचा सोर्स कोड मात्र कधीच उघडा होणार नाही. हे नुकसान खरे आहे. पण स्टॉलमन यांनी सुचवलेला एक उपाय, बंद प्रोग्रामचा सोर्स सक्तीने कोठे तरी जमा करून घेण्याचा, सत्तेच्या हातात आणखी एक किल्ली देतो. बर्कलीच्या बीएसडी परवान्यात सोर्स उघडा ठेवण्याची कसलीच सक्ती नाही. ॲपलने त्या परवान्याखालच्या फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीचा कोड घेतला, म्हणून फ्रीबीएसडी बुडाले नाही. ओपनबीएसडी या तशाच प्रणालीच्या मंडळींनी उभे केलेले, सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून देणारे ओपनएसएसएच आज जगभरच्या सर्व्हरवर चालते, आणि त्याचा कोड कोणीही वाचू शकतो.

एवढ्या कडक कायद्यावाचून चालत नाही, हा दावाही टिकत नाही. भारताने २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ घातले, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच कुलूप तोडणे गुन्हा मानले. अमेरिका मात्र आपले कलम व्यापार करारांतून इतरांच्या गळ्यात मारते; सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरियाने ते पत्करले आहे. अमेरिकन काँग्रेसने कलम १२०१ रद्द करावे, आणि तोवर भारताच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी ६५-अ मधली हेतूची अट कोणत्याही सवलतीच्या बदल्यात सोडू नये.