वॉर्डातला सराव पाठ

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. मुलीने फोनवर विचारलेच, "नाना, ब्लॉग बंद केला का?" बंद नाही केला, मंडळी. हर्नियाचे ऑपरेशन झाले, त्यामुळे पाच दिवस इथे मालेगावातच एका रुग्णालयात होतो. नाव सांगत नाही, कारण जे लिहिणार आहे ते एकाच रुग्णालयाचे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंग शिकणारी एक मुलगी सलाईन लावायला आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. पहिली सुई चुकली. दुसरी शिरेतून पार गेली आणि हात टम्म सुजला. तिचे हात थरथरत होते. मला दुखण्यापेक्षा वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. तिच्या शेजारी कोणीही उभे नव्हते.

मला माझा बी.एड.चा पहिला सराव पाठ आठवला. इयत्ता सहावी, विषय मराठी, खडू दोनदा हातातून पडला. पण शेवटच्या बाकावर आमचे अध्यापक निरीक्षण वही घेऊन बसले होते. त्यांची भीती वाटायची हे खरे, पण घसरलो तर सावरायला कोणीतरी आहे हा धीरही त्यांचाच होता. आणि माझी चूक झाली असती तर पोरांना फार तर एक वृत्त चुकीचे कळले असते. इथे माणसाचा दंड होता!

संध्याकाळी एक जुन्या सिस्टर आल्या. त्या मुलीला बोलावून म्हणाल्या, "आधी बाबांना सांग, काय करणार आहेस ते." मग तिची बोटे धरून माझ्या दुसऱ्या हातावर ठेवली. "डोळ्यांनी शोधू नको. बोटांनी शोध. दाबली की उसळते ना, ती शीर." सुई एकाच वेळी बसली. सगळे मिळून तीन-चार मिनिटे लागली असतील. एवढा वेळ सकाळी कोणाकडे का नव्हता?

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे की दर 10 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. जीएनएमच्या 3 वर्षांत निम्म्याहून जास्त तास वॉर्डात जातात. म्हणजे खरी शाळा वॉर्डच. पण मी पाहिले ते असे: मॅडम सकाळी हजेरी घेऊन गेल्या, आणि मग मुली ताप बघणे, चादरी बदलणे, रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये नेऊन देणे यातच दुपारपर्यंत. त्यांना शिकवण्याची इच्छा असलेल्या सिस्टरकडे तीसच्या वर रुग्ण. ती कोणाला आणि कधी शिकवणार?

धाकटा भाऊ भेटायला आला होता. तो म्हणाला, "दादा, कामातूनच माणूस शिकतो." अर्धे खरे आहे. हात कामातून शिकतो, पण चूकही तितकीच पक्की शिकतो. पहिलीत 'ळ'चे वळण चुकीचे बसले की दहावीपर्यंत जात नाही, हे मी छत्तीस वर्षे पाहिले आहे.

मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत, म्हणजे तब्बल 42 वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाचे व्रण होऊ दिले नाहीत, याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालातही आला. सेवा करणाऱ्या परिचारिका बदलत गेल्या, निवृत्त झाल्या. कूस कशी बदलायची, पाठ कुठे तपासायची, हे एकीने दुसरीला हाताला धरून दाखवल्याशिवाय इतकी वर्षे कसे टिकेल?

आणि आपल्या गावात भाषेचा प्रश्न वेगळाच. पुस्तके इंग्रजीत, मुली मराठी शाळेतल्या. माझ्या डावीकडच्या खाटेवर यंत्रमागावर आयुष्य गेलेले उर्दू बोलणारे चाचा, उजवीकडे अहिराणी बोलणारे शेतकरी आबा. "कथा दुखस?" हे कोणत्या पुस्तकात आहे? ते त्या सिस्टरच्याच तोंडून ऐकून मुलगी शिकली. (मराठी माध्यमाचा बी.ए. असल्यामुळे मला यात अंमळ जास्तच आनंद झाला. असो.)

2020 मध्ये कोरोनाने मालेगाव देशभर गाजले तेव्हा सिस्टरांसाठी टाळ्या वाजल्या. टाळ्यांना खर्च नाही. माझे म्हणणे साधे आहे. जी सिस्टर वॉर्डात शिकवते तिचा तो वेळ ड्युटीत धरा, त्या तासाला तिचे रुग्ण कमी करा, आणि वर थोडा भत्ता द्या. आमच्या वेळी सराव पाठाच्या निरीक्षणाचा तास वेळापत्रकात छापलेला असे. निरीक्षक तो उपकार म्हणून करत नसत.

सुट्टी मिळाली त्या सकाळी तीच मुलगी चाचांकडे आली. "चाचा, थोडा चुभेगा, हाथ ढीला छोडो." बोटांनी शीर शोधली, एकदाच टोचले, रक्त दिसले, चिकटपट्टी लावली. सिस्टर दाराशी रजिस्टर चाळत उभ्या होत्या, पण लक्ष सगळे इकडे. मी सवयीने मनातल्या मनात दहापैकी नऊ गुण देऊन टाकले. एक कापला, कारण ती तशीच आबांच्या खाटेकडे वळली होती. सिस्टरनी काही न बोलता बेसिनकडे बोट दाखवले. ती जीभ चावून हात धुवायला गेली.