दृष्टिपटल वाचणारे यंत्र

मधुमेहामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलावर जो विकार होतो, त्याची मोठी अडचण अशी की प्रारंभी त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणीही येत नाही. वर्तमानपत्र पूर्वीसारखेच वाचता येते, आणि आत मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून त्यांतून रक्त व द्रव झिरपू लागलेला असतो. अंधुक दिसू लागल्याचे ध्यानात येते तेव्हा पुष्कळदा विकार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून प्रौढ वयात मधुमेह आढळला की लगेच, आणि त्यानंतर साधारणतः दरवर्षी, दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. प्रत्यक्षात किती घरांत हे घडते? साखर तपासली जाते, पायांची काळजीही घेतली जाते. डोळ्यांची आठवण चष्म्याचा क्रमांक बदलला तरच होते. शिवाय दृष्टिपटलाचे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत असतात.

नेमक्या या उणिवेवर कृत्रिम बुद्धिमत्तेने काम सुरू केले आहे. या विद्येविषयी हल्ली इतके बोलले जाते की ज्येष्ठांना तिचा कंटाळा यावा. परंतु हा तिचा उपयोग मधुमेह असलेल्या प्रत्येक घराशी निगडित असल्याने समजून घेण्याजोगा आहे.

२०१६ साली गूगलच्या संशोधकांनी या विषयावरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी दृष्टिपटलाची १,२८,१७५ छायाचित्रे वापरली होती. ती अमेरिकेतून आणि भारतातील तीन नेत्ररुग्णालयांतून आली होती. मदुराईचे अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय ही ती तीन. प्रत्येक छायाचित्र अनेक नेत्रवैद्यांनी स्वतंत्रपणे पाहून विकाराची पायरी ठरवली, आणि त्या निर्णयांवरून संगणक शिकला. म्हणजे यंत्राच्या या ‘बुद्धी’मागे माणसांनीच ओळखलेले असंख्य डोळे आहेत, आणि त्यांत आपल्याकडच्या रुग्णांचेही आहेत.

पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आयडीएक्स-डीआर’ नावाच्या यंत्रणेला मान्यता दिली. नेत्रतज्ज्ञाने छायाचित्र न पाहता यंत्रानेच निर्णय द्यावा, अशी परवानगी मिळालेली ही पहिलीच यंत्रणा. साध्या दवाखान्यातील कर्मचाऱ्याने छायाचित्र घ्यावे आणि काही मिनिटांत ‘तज्ज्ञाकडे जा’ किंवा ‘वर्षभराने पुन्हा तपासा’ असे उत्तर मिळावे, अशी तिची रीत. मान्यतेपूर्वी ९०० मधुमेहींवर तिची परीक्षा झाली. सौम्यतेच्या पलीकडे गेलेला विकार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ जणांना तिने अचूक ओळखले. ही कामगिरी लहान नाही. तरीही शंभरातील सुमारे १३ जण तिच्या नजरेतून निसटले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. एका वर्षी ‘दोष नाही’ असे उत्तर आले म्हणून पुढची तपासणी टाळू नये, ती यासाठी.

प्रयोगशाळेबाहेर काय होते, ते थायलंडमध्ये दिसले. तेथील ११ सरकारी दवाखान्यांत गूगलचीच यंत्रणा वापरून पाहिली गेली. २०२० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के यंत्राने नाकारली, कारण ती पुरेशी स्पष्ट नव्हती. काही ठिकाणी खोलीत पुरेसा काळोख करता येत नव्हता, काही ठिकाणी इंटरनेट मंद होते. परिचारिकांचा त्रागा झाला. याहून विचार करायला लावणारी गोष्ट निराळीच आहे. काही परिचारिका रुग्णांना या प्रयोगात भाग घेण्यापासून परावृत्त करीत. कारण यंत्राने ‘मोठ्या रुग्णालयात जा’ असे सांगितले, तर त्या प्रवासाचा भार रुग्णाने उगाच का सोसावा? त्या परिचारिकांना दोष देणे मला जमत नाही. आपल्याकडेही सत्तरीतल्या माणसाला तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी न्यायचे, तर कोणाला तरी एक दिवसाची मजुरी वा रजा मोडावी लागते. निदान मिनिटांत मिळू लागले. उपचारापर्यंतचे अंतर होते तेवढेच राहिले, आणि ते कापून देण्याचे काम कुटुंबाकडे आले.

वृद्धांची सेवा करणाऱ्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. वयानुसार डोळ्याची बाहुली आकुंचित राहते आणि अनेकांना मोतीबिंदू असतो. दोहोंमुळे दृष्टिपटलाचे छायाचित्र धूसर येते. त्यामुळे ‘छायाचित्र वाचता आले नाही’ हे उत्तर ज्येष्ठांच्या वाट्याला अधिक येण्याचा संभव असतो. घरी परतताना त्याचा अर्थ ‘काही निघाले नाही’ असा केला जातो, तो सर्वथा चुकीचा आहे. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन, बाहुली विस्फारण्याचे थेंब घालूनच तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राला जे शिकवले, तेवढेच ते शोधते. मधुमेहाच्या विकारासाठी घडवलेली यंत्रणा काचबिंदूविषयी बोलत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्यातील दाब मोजतो, पापणीवरची गाठ पाहतो, ‘घरात कोणाला काचबिंदू होता का’ हे विचारतो. हे सारे त्या लहानशा अहवालात नसते.

तरीदेखील आपल्या गावात असे शिबिर भरले तर ते टाळू नये, असेच मी म्हणेन. ज्याची तपासणी वर्षानुवर्षे झालीच नाही, त्याच्यासाठी यंत्राची नजर पुष्कळ मोलाची आहे. वेळीच सापडलेल्या विकारावर लेसर व इंजेक्शनचे उपचार दृष्टी राखू शकतात. जाताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल, रक्तदाबाच्या नोंदी आणि चालू औषधांची यादी बरोबर असू द्यावी. अहवाल हाती आल्यावर तेथेच विचारावे: हा कोणत्या विकाराचा आहे, दोन्ही डोळ्यांचे छायाचित्र वाचता आले का, आणि पुढे पाठवायचे असल्यास नेमके कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी? उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यावे. थेंब घातले असतील तर पुढचे काही तास अंधुक दिसते व उजेड सोसत नाही. तेव्हा काळा चष्मा न्यावा, आणि परतताना जिना उतरायला हात धरणारे कोणीतरी सोबत असावे.