काटा आपला, सील कोणाचे?



गणपतीच्या सुट्टीत नातू नाशिकहून खोडाळ्याला आला तो एक काळा डबा काखोटीला मारूनच. टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल. माझ्या मुलाने कॉलेजात असताना घेतलेला, म्हणजे वयाने नातवापेक्षा मोठा. डिस्क आत जाते, फिरते, पण गेम काही सुरू होत नाही.

"आजी, तिकडचा एक दुकानदार म्हणतो, ड्राइव्ह दुरुस्त करण्यात अर्थ नाही. तो आतलं कुलूपच काढून देतो. मग डिस्क लागतच नाही. वर साठ गेम हार्ड डिस्कवर भरून देतो. तू बाबांना सांग ना, हो म्हणायला."

मी म्हटले, "साठ गेम फुकट? अरे, ही तर चोरी झाली."

"मग आपल्या दुकानातल्या कम्प्युटरवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर? ते पण कॉपीच आहे. बाबांनीच सांगितलं."

सूनबाई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. ह्यांनी पेपर थोडा वर धरला. मला उत्तर सुचले नाही.

खरे तेच सांगते. मी बी.कॉम. म्हणून लग्नानंतर सासऱ्यांनी किराणा दुकानाच्या वह्या माझ्या हाती दिल्या. पुढे वह्या गेल्या, कम्प्युटर आला. लावून देणाऱ्याने सॉफ्टवेअरही 'टाकून दिले'. एका एका पैशाचा मेळ घालणारी मी, पण त्या सॉफ्टवेअरचे बिल कधी मागितले नाही. तेव्हा नातवाला उपदेश करण्याआधी विषय नीट समजून घ्यावा असे ठरवले. वकील असलेल्या भाचीला फोन केला, कायद्याची कलमे मागवून वाचली. त्यातून जे मत बनले ते लिहिते आहे, कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरी येणार.

आधी कुलूप म्हणजे काय ते बघू. कन्सोल हा खरे तर कम्प्युटरच. पण कंपनी त्याच्या आत अशी सोय करून ठेवते की तिची खूण असलेलाच गेम चालावा. काही कन्सोलमध्ये तर डिस्क ड्राइव्ह आणि मुख्य सर्किट यांची जोडी कारखान्यातच लावलेली असते, दुसरी ड्राइव्ह बसवली तर गेम चालत नाही. अनेक जुन्या कन्सोलवर परदेशात घेतलेली डिस्क इथे लागत नसे. हे कुलूप चिप बसवून किंवा सॉफ्टवेअर बदलून उघडणे, यालाच मुले 'मॉड करणे' किंवा 'जेलब्रेक' म्हणतात.

नातवाचे म्हणणे असे की वस्तू पैसे देऊन घेतली, आता ती आमची, तिचे काहीही करू. ऐकायला पटते. पण आपल्या दुकानातला वजनकाटाही आपण पैसे देऊनच घेतो ना? तो आपला आहे, तरी त्यावरचे वैधमापन खात्याचे सील आपण तोडत नाही. का? तर ते सील समोरच्या गिऱ्हाइकासाठी असते. काटा बिघडला तर परवानाधारक दुरुस्ती करणारा सील उघडतो, दुरुस्ती होते, पुन्हा तपासणी होऊन शिक्का बसतो. म्हणजे मालकी आपली असली तरी प्रश्न संपत नाही. सील कोणाच्या रक्षणासाठी आहे आणि ते कशासाठी उघडायचे आहे, हे विचारावे लागते.

आपला कायदाही बराचसा हेच विचारतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ मध्ये त्यात ६५अ हे कलम आले. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हे कलम आड येत नाही. मात्र दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कुलूप उघडण्याचे कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. हे वाचून माझ्यातली हिशेबनीस खूश झाली. काम करा, पण वही ठेवा! शिवाय कलम ५२ प्रमाणे कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची, तो हरवू नये वा खराब होऊ नये म्हणून, एक राखीव प्रत काढता येते.

आणि साठ गेम? त्यासाठी कलम ६३ब आहे. नकली प्रत आहे हे माहीत असून ती कम्प्युटरवर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून नुसत्या दंडावर सोडू शकते. माझे सॉफ्टवेअर तर धंद्यासाठीच होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत नातवापेक्षा आजीचा गुन्हा मोठा.

हे नुसते कागदावरचे नाही. २०१२ मध्येच सोनी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. प्लेस्टेशनमध्ये बदल करून त्यावर नकली गेम चालवून देणाऱ्यांविरुद्ध न्यायालयाने मनाई हुकूम दिला. पण सगळीकडे कंपनीच जिंकते असेही नाही. ऑस्ट्रेलियात २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेस्टेशनमध्ये चिप बसवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. ते कुलूप गेमची नक्कल करणे थांबवत नाही, फक्त नक्कल केलेला गेम चालू देत नाही, म्हणून त्या वेळच्या तिथल्या कायद्यात ते बसत नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. अमेरिकेत २०२१ पासून कन्सोलची डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी कुलूप उघडायला सूट आहे, अट एवढीच की दुरुस्तीनंतर कुलूप पुन्हा लावायचे. आपल्या वजनकाट्याचाच नियम नाही का हा?

कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. प्लेस्टेशन ३ विकताना सोनीने त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची सोय दिली होती. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती काढून घेतली. अपडेट नाकारावे, तर ऑनलाइन खेळणे बंद. विकलेल्या मालातून नंतर काही काढून घेणे याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात निन्टेन्डोने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या करारात लिहिले की नियमबाह्य बदल केले तर यंत्र कायमचे निकामी करण्याचा अधिकार कंपनीला राहील. गिऱ्हाइकाने उधारी बुडवली तर मी त्याला पुढचा माल देणार नाही. पण त्याच्या घरी जाऊन डबे फोडणार नाही.

आता आपल्या धर्माकडे येते. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो, सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. यंदा अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांपाशी थबकले. चोरीला उत्तेजन देणे, चोरून आणलेला माल घेणे, राज्याचे नियम ओलांडणे, मापात कमी-जास्त करणे आणि असलीच्या जागी नकली चालवणे. दरवर्षी वाचते आणि मापाच्या बाबतीत आपण स्वच्छ आहोत म्हणून समाधान मानते. यंदा पाहिले तर साठ गेमच्या त्या हार्ड डिस्कमध्ये उरलेले चारही बसत होते. आणि माझ्या कम्प्युटरमध्येही.

चोरीला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात, जे दिलेले नाही ते घेणे. हा शब्द मला या वादात फार उपयोगी वाटला. कंपनीने काय दिले आणि काय दिले नाही, एवढेच विचारायचे. यंत्र दिले, त्याची किंमत घेतली. ते उघडणे, दुरुस्त करणे, स्वतः विकत घेतलेला गेम त्यावर चालवणे यात न दिलेले असे काही घेतले जात नाही. न घेतलेला गेम कोणी दिलेला नाही. तो बनवणाऱ्या शेकडो माणसांची मजुरी त्यात आहे. कुलूप उघडून ऑनलाइन खेळात लबाडी करणे म्हणजे समोरच्या मुलाचा डाव त्याने न देता घेणे. माझी रेघ इथे आहे. यंत्र आपले, गेम विकत घेतला तेवढाच आपला.

यावर एक बाजू उरते, ती मी टाळणार नाही. नवा गेम चार-पाच हजारांना मिळतो. आमच्या मोखाडा तालुक्यात तेवढ्यात एखाद्या घराचा महिन्याचा किराणा भागतो. गरिबाच्या मुलाने खेळूच नये का? खेळावे. जुनी डिस्क घ्यावी, मित्राची आणावी, खेळून झाली की विकावी. आपण पुस्तके अशीच वाचली. पण कंपन्या आता डिस्कच बंद करत चालल्या आहेत. डाउनलोड केलेला गेम सहसा विकता येत नाही. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की खोडाळ्यात फोनलाही रेंज राहत नाही, तिथे मोठा गेम उतरणार कसा? ज्यांना लोकांनी चोरी करू नये असे वाटते, त्यांनी सरळ वाटही मोकळी ठेवावी. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते चांगलेच झाले. पण दुरुस्तीसाठी कुलूप उघडणे गुन्हा नाही, हे कायद्यात एका साध्या वाक्यात लिहून टाकावे, म्हणजे प्रामाणिक कारागीर घाबरणार नाही. आज 'हेतू' सिद्ध करण्याची धास्ती त्यालाच असते, साठ गेम विकणारा तर बिनधास्त बसतो.

मग आमच्या डब्याचे काय झाले? मुलाने दुसरा कारागीर शोधला. त्याने ड्राइव्ह उघडली आणि सांगितले, डिस्क वाचणारी लेन्स गेली आहे, तेवढी बदलली की झाले. जोडीचे सर्किट तेच राहिले, कुलपाला हात लावायची वेळच आली नाही. पहिल्याने हे का सांगितले नाही? लेन्स बदलण्यात कष्ट जास्त आणि कमाई कमी, दुसरे काय! कुलूप उघडावे लागले असते तरी मी हो म्हटले असते, पण बिलावर कारण लिहून घेतले असते.

त्याआधी मी माझे काम केले. हिशेबाचे सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतले. रक्कम ऐकून ह्यांनी चष्मा काढून ठेवला, पण चेक लिहिला. मागच्या वर्षांचे काय, तो हिशेब पैशात मिटणारा नाही. तो प्रतिक्रमणात मांडला.

नातवाला फोन करून सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "आजी, मग दिवाळीला एक जुनी डिस्क घेऊन देशील? बिलासकट?"

घेऊन देणार आहे. तुमच्या घरातल्या कम्प्युटरवर काय काय 'टाकून दिलेले' आहे, तेही एकदा बघून घ्या. मुलांनी विचारायच्या आधी.